सुकाआबांच्या भिंतीवरचा कागद

आमच्या घरात मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. शहाद्याच्या मोटार स्टँडसमोर पुढच्या खोलीत वडिलांचं रेडिओचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही, मध्ये फक्त गोणपाटाचा एक पडदा. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. आम्हीच काय, सगळा तालुका भाऊ म्हणायचा. ते सेट उघडून बसले की त्याच्या पोटातली बारीक खरखर कान लावून ऐकत, आणि तेवढ्यात आईच्या हातून झारा पडला तर पडद्याआडून लगेच आवाज यायचा, "अवं, जरा दमानं!" म्हणून आई दादर ज्वारीची भाकरीसुद्धा हलक्या हातानं थापायची. डाख देताना जळणाऱ्या राळेचा वास आणि लसणाच्या फोडणीचा वास, हे दोन्ही माझ्या नाकात एकत्रच बसले आहेत. अजूनही फोडणी दिली की मला उगाचच वाटतं, पलीकडे कोणीतरी सेट उघडून बसलं आहे.

त्याआधी भाऊ घड्याळं दुरुस्त करायचे. रेडिओची विक्री सुरू केली तेव्हा लोक त्यांना हसले होते. त्या वेळी रेडिओ म्हणजे दुकानातून उचलून पिशवीत घालून न्यायची वस्तू नव्हती. सेट घरी जायचा तो भाऊंबरोबर, बैलगाडीतून, गोधडीत गुंडाळून, आणि मागे दोन लांब बांबू गाडीबाहेर हलत असायचे. धाब्याच्या, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छताच्या, दोन टोकांना ते बांबू उभे करायचे, त्यांच्यामध्ये तांब्याची तार ताणायची, तिच्या टोकांना चिनी मातीच्या गुट्ट्या बांधायच्या आणि तिथून एक तार खिडकीतून आत सेटपर्यंत आणायची. ही बाहेरची तार. दुसरी तार जमिनीत जायची. तिच्यासाठी अंगणात खड्डा करून त्यात कोळसा आणि खडेमीठ भरायचं आणि रोज तांब्याभर पाणी घालायचं. बायका त्या खड्ड्याला तुळशीबरोबर पाणी घालायच्या. खेड्यात वीज नव्हती, तेव्हा सेट चालायचा तो विटेएवढ्या जाड बॅटरीवर. शिवाय पोस्टातून परवाना काढायचा तो वेगळाच. एवढा सगळा संसार मांडून झाला की भाऊ आपला एक नियम पाळायचे. पहिल्यांदा बटण फिरवायचं ते घरातल्या सर्वांत वडील बाईनं. पुरुषमंडळी हसायची, कोणाकोणाला रागही यायचा. पण भाऊ त्या बाईला पाटावर बसवून, तिचा हात बटणावर ठेवून सगळं तोंडी समजावून सांगायचे. रेडिओला ते डब्बा म्हणायचे. सांगायचे, "गडी मानसं दिनभर वावरमा ऱ्हातस. डब्बाजोडे घरमा कोन ऱ्हास? तिले समजाले पायजे."

प्रकाशा या गावाच्या अलीकडे तापीच्या काठी एक खेडं आहे. तिथले सुकाआबा हे भाऊंचं पहिलं खेड्यातलं गिऱ्हाईक. उंच, वाकलेले, केळीचे बागाईतदार, स्वभावानं तिरसट. त्यांना स्वतःला गाण्याबजावण्याची आवड मुळीच नव्हती. त्यांनी सेट घेतला तो बायकोसाठी. जिजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि तिला उजेड-अंधार एवढंच कळायचं. मूलबाळ नव्हतं. आबा बागेत गेले की ती दिवसभर ओट्यावर एकटी बसायची आणि वाटेवरच्या पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखायची. सेट बसवला त्या दिवशी मीही गेले होते. जिजीनं बटण फिरवलं, आधी शीळ वाजली, मग खरखर, आणि मग एकदम माणसाचा स्वच्छ आवाज आला. आबांनी भाऊंना विचारलं, "भाऊ, हाऊ मानूस खरंच मुंबईथाईन बोली ऱ्हायना का?" भाऊ हो म्हणाले. तेव्हा आबा जिजीकडे वळून म्हणाले, "ले, आते तुले बोलाले मानूस भेटना. माले आते डोकं खावू नको." जिजी हसली, पण बटणावरचा हात तिनं काढला नाही.

पुढे त्या ओट्यावर संध्याकाळच्या बातम्यांना अर्धं गाव जमायला लागलं. गावात रेडिओ तो एकच. आबा सेट ठेवलेल्या कोनाड्याशेजारी पोलीस पाटलासारखे बसायचे आणि कोणी खोकलं तरी त्याच्याकडे डोळे वटारायचे.

आता माझ्या हातून झालेलं सांगते. त्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलं आहे. सेट आणि बांबूंच्या गोष्टी मी उगाच लांबवते आहे, हे माझ्या लक्षात आलं आहे.

एका उन्हाळ्यात अवकाळी पावसात दुसऱ्या एका गावी बाहेरच्या तारेवरून वीज आत आली. सेट जळून कोळसा झाला, भिंतीला भेग पडली. माणसं वाचली, पण भाऊंचं नाव खराब झालं. रेडिओवाला घरात वीज आणतो, असं बाजाराच्या दिवशी लोक दुकानासमोर उभे राहून बोलायचे. भाऊ ऐकून घ्यायचे आणि मान खाली घालून घड्याळाची पेटी आवरायला घ्यायचे. मी तेव्हा मॅट्रिकला होते, अक्षर शाळेत पहिलं, आणि भाऊंना कोणी बोललेलं मला सहन होत नसे. भाऊ म्हणाले, आपण प्रत्येक घरी भिंतीवर लावायला एकेक कागद देऊ. त्यांनी मजकूर सांगितला, अगदी शाळेतल्या भाषेत, अडखळत: "विजा कडाडू लागल्या की बाहेरची तार काढून ठेवावी. विजा थांबल्या की पुन्हा जोडावी." एवढं सांगून ते सेटकडे वळले.

मी जाड कागद कापले, लाल शाईनं कडेला वेलबुट्टी काढली आणि लिहायला बसले. बसल्यावर मला वाटलं, वीज कडाडायला लागल्यावर कोण उठून तार काढणार? तोवर व्हायचं ते होऊन जाईल. त्यापेक्षा आधीच काढलेली बरी. आणि लोकांना नुसतं सांगून भागत नाही, धाक घालावा लागतो, असं आमचे गुरुजी म्हणायचे. म्हणून मी लिहिलं: "आभाळात ढग असेपर्यंत बाहेरची तार जोडू नये. जोडल्यास घरावर वीज पडते." एक नाही, एकवीस कागद. भाऊंनी वरून पाहिले, वेलबुट्टीचं कौतुक केलं, पण वाचले नाहीत. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

आबांचा कागद द्यायला आम्ही दोघं गेलो. भाऊ धाब्यावर चढून ढिली झालेली तार ताणत होते आणि मी आत आबांना मजकूर वाचून दाखवत होते. आबा दोन बुकं शिकलेले. त्यांनी बोट ठेवून पुन्हा स्वतः वाचलं, दुसऱ्या ओळीशी थांबून "अरे बापरे" म्हणाले आणि कोनाड्याशेजारी भात लावून कागद चिकटवला. जिजी काहीतरी बोलायला गेली होती. आबांनी तिला मध्येच थांबवलं. "आठे लिखेल शे ना, मंग!" मला तेव्हा आपल्या अक्षराचा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवायला हवं.

त्या वर्षी भादव्यात तीन दिवस आभाळ दाटून राहिलं. पाऊस बेताचाच होता, विजा तर नव्हत्याच, नुसतं काळंभोर आभाळ खाली आलेलं. तिसऱ्या संध्याकाळी आईनं कढी-फुनके केले होते. उकडलेल्या डाळीच्या मुटक्यांवर गरम कढी ओतून मी भाऊंचं ताट पडद्याबाहेर नेलं, तेव्हा दुकानातल्या सेटवर बातम्या लागल्या होत्या. तापीच्या वरच्या अंगाला फार मोठा पाऊस झाला आहे, पहाटेपर्यंत पाणी खाली उतरेल, काठच्या लोकांनी गुरंढोरं हलवावीत, असं त्या माणसानं दोनदा सांगितलं. दारात प्रकाशाच्या शेवटच्या गाडीचा ड्रायव्हर उभा होता. तो रोजच गाडी सोडण्याआधी बातम्या ऐकायला थांबायचा; वाटेवरच्या गावांना बॅटऱ्या आणि निरोप तोच पोचवायचा. त्यानं नेहमीसारखं विचारलं, "भाऊ, काही निरोप?"

भाऊ म्हणाले, "नही रे. सुकाआबाकडे सेट शे. समदा गाव तठेच बठेल व्हई, आयकंच व्हई त्यास्नी."

दोन वर्षांपूर्वी अशी बातमी ऐकून भाऊंनी हातातला घास टाकून माणूस धाडला असता. आता तिथं सेट होता. मी ताट हातात घेऊन उभी होते. ड्रायव्हरच्या डोक्यावरून मला आभाळ दिसलं आणि त्याच क्षणी मला कागद आठवला. नीट आठवला, माझ्या अक्षरातला, वेलबुट्टीसकट. आबांनी तार काढलेली असणार, तीन दिवसांपासून काढलेली असणार. फक्त एवढंच म्हणायचं होतं, "भाऊ, निरोप धाडा." पण मग भाऊ कारण विचारणार, आणि त्यांनी सांगितलं एक आणि मी लिहिलं भलतंच, हे एकवीस घरांचं बिंग बाहेर पडणार. मी मनाला समजावलं की आबा काही एवढे भोळे नाहीत, बातम्यांपुरती तार जोडत असतील. ताट खाली ठेवलं. समोर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग वळणावर गेल्याचा. कढी निवली म्हणून भाऊंनी ती पुन्हा गरम करून मागितली.

पहाटे पाणी आलं. गाव उंचावर होतं, घरांना धक्का लागला नाही. पण काठची सगळी शेती बुडाली. आबांचे दोन्ही बैल केळीच्या बागेतल्या खोपीत बांधलेले होते. पाण्याचा घोगरा आवाज ऐकून आबा अंधारातच उठले आणि बैल सोडायला खाली गेले. एक बैल पोहून वर आला. त्याच्या गळ्यात कापलेल्या दाव्याचा तुकडा होता. आबा दोन दिवसांनी खालच्या अंगाला बाभळीत अडकलेले सापडले.

रस्ता मोकळा झाल्यावर भाऊ निघाले. मला येऊ नको म्हणाले, तरी मी गेले. ओट्यावर तीच माणसं बसली होती, जी बातम्यांना बसायची. जिजी आत कोनाड्याखाली भिंतीला टेकून होती.  मग आबांचा पुतण्या हिरामण उठला, आत गेला आणि भिंतीवरून कागद सोलून घेऊन आला. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं.

"भाऊ, आम्ही समदा आठे उनूत व्हतूत. डब्बा मुका व्हता. आबानी तार जोडू दिधी नही. बोलना, आठे लिखेल शे, ढग शेत तवलग जोडानी नही."

भाऊंनी कागद हातात घेतला. तो त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. दोन ओळी वाचायला माणसाला किती वेळ लागतो? मला तो वेळ अजून संपलेला वाटत नाही. त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. कागदाची नीट घडी घातली आणि सगळ्यांच्या समोर म्हणाले, "मन्हीच चूक शे. मी जसं सांगं, तसंच तिनी लिखं."

मी गप्प राहिले. ओट्याच्या खांबाला धरून उभी होते आणि गप्प राहिले.

आम्ही बैलगाडीनं परतत होतो. अर्ध्या वाटेवर भाऊंनी विचारलं, "आसा कागद आखो कितला घरले दिधात?"

"हाऊ धरीसन एकवीस."

"बरं," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद ठेवून ते सायकलवर एकेका गावाला गेले आणि वीस घरांच्या भिंतींवरून वीस कागद स्वतःच्या हातानं काढून आणले. मला एका शब्दानं बोलले नाहीत, ना तेव्हा, ना पुढे कधी. त्यानंतर त्यांनी कोणाला लिहून म्हणून काही दिलं नाही. घरातल्या वडील बाईला समोर बसवायचं, तिला सांगायचं आणि तिच्या तोंडून तीनदा वदवून घ्यायचं. लोकांनी हळूहळू ते मनातून काढून टाकलं, सेट विकले जात राहिले. पण भाऊ दुकानात बातम्या ऐकताना ताट घ्यायचे नाहीत. आई नंतर वाढायची.

मी पुढे शिक्षिका झाले, चाळीसेक वर्षं पोरांना शुद्धलेखन घातलं. आता नंदुरबारला मुलाकडे असते. पावसाळ्यात नातीच्या फोनवर इशारे येतात, नदीचे, पावसाचे. ती ते न वाचता बोटानं बाजूला सारते. मी म्हणते, बाई, मोठ्यानं वाच, जसं आहे तसं वाच. ती म्हणते, आजी, आपल्याला काय त्याचं, आपण कुठं नदीकाठी राहतो? तिला मी ही गोष्ट अजून सांगितलेली नाही. सांगायला तोंड नाही, म्हणून लिहिते आहे.

जिजीकडे मी गेले ती आबांचं दिवसकार्य होऊन महिना उलटल्यावर, कोणाला न सांगता, दुपारच्या गाडीनं. ती ओट्यावर होती. माझी पावलं ऐकून तिनं मान वर केली.

"कोन शे? भाऊनी पोर का?"

"हां, जिजी."

"ये, बठ."

मी तिच्या पायाशी बसले. गाडीत बसून सगळं पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. नुसतं म्हटलं, "जिजी, भाऊंनी तसं नव्हतं सांगेल. ते मी मन्हा मननं लिखं. आनि त्या सांजले माले याद उनी व्हती. मी बोलनी नही."

जिजीनं मान अंगणाकडे वळवली. अंगणात, त्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यापाशी कोंबड्या उकरत होत्या. मग ती म्हणाली, "माले माहीत शे. भाऊ पहिला दिन मन्हा हात बटनवर ठेईसन बोलना व्हता, ईज कडाडनी का तार काढ, थांबनी का जोड. माले वाचता येत नही बेटा, म्हनीसन मी आयकेल इसरत नही. त्या तीन दिन मी आबाले सांगत व्हती, भाऊ आसं नही बोलना. आबा बोलना, तू आयकेल सांगस, आठे लिखेल शे."

मला रडू आवरेना. माझं अक्षर सुंदर नसतं, तर कदाचित आबांनी तिचं ऐकलं असतं.

"तुन्हा बाप त्या दिन खोटं बोलना, ते बी माले कयनं," जिजी म्हणाली. "बाप शे, पोरसाठे बोलीच. पन तू कव्हय येशी, हाई वाट मी देखत व्हती." तिनं हात पुढे करून माझं डोकं चाचपलं, आणि मग हात काढून घेतला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही मागितलं नाही. ती उठून भिंतीला धरत आत गेली आणि कोनाड्यापाशी उभी राहिली. सेटवर विणलेला रुमाल तसाच होता. बाहेरची तार खिडकीच्या गजाला गुंडाळलेली होती, आबांनी गुंडाळली होती तशीच, दोन गाठी मारून. तेव्हापासून तिला कोणी हात लावलेला नव्हता.

"आभाय भरेल शे का?" तिनं विचारलं.

मी खिडकीतून पाहिलं. परतीच्या पावसाचे ढग नदीपलीकडून चढत होते. "हां, जिजी. भरेल शे."

"ईज?"

"नही."

"मंग जोड."

आबांच्या गाठी सोडवायला मला वेळ लागला. मी तार जोडली. जिजीनं बटण फिरवलं, शीळ वाजली, खरखर झाली. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही तशाच बसलो. कोणीतरी काहीतरी गात होतं, ते दोघींनीही ऐकलं नाही. मग बातम्या लागल्या, आणि रेडिओ सुरू झाल्याचं ऐकून एकेक माणूस येऊन ओट्यावर टेकलं. जिजी कान लावून शेवटच्या वाक्यापर्यंत ऐकत होती. तापीचं नाव त्यात कुठं आलं नाही. "आज नही," ती म्हणाली, आणि तिनं बटण बंद केलं.